सात टक्के ओल आणि उत्तर ध्रुवाकडचं जहाज

मारोतरावांनी माझ्या टेबलावर एक पावती ठेवली आणि म्हणाले, "हे जहाजावर पाठवा."

पावती तेलुगूत होती. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची ओल मोजून दिलेली. ओल सात टक्के. खाली कुणाची तरी सही आणि निळ्या शाईचा गोल शिक्का.

"काका, जहाजवाले याचं काय करतील?"

"वाचतील. कोणचा कापूस हाय थे मालूम तं होऊ द्या त्यायले. मंग म्हणू द्या, चालत नाही म्हणून."

मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या बसस्टँडमागे ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवते. एकोणीस वर्षं झाली. तिरुपती, काशी, चारधाम, फार तर दुबई. मी गिऱ्हाइकांना पाठवलेलं सगळ्यात थंड ठिकाण म्हणजे केदारनाथ, आणि तिथून परत येऊनही लोक मलाच ओरडतात की ताई, एवढी थंडी असते हे आधी सांगायचं नाही का. असं असताना त्या वर्षी माझ्याकडे आर्क्टिकचं बुकिंग आलं. तेही हैदराबादच्या कुण्या हौशी डॉक्टरचं नव्हे, तर बेल्याजवळच्या एका गावातल्या मारोतराव आणि गिरजाबाई या नवरा-बायकोचं.

आधी हा प्रकार काय असतो ते सांगते. याला एक्स्पिडिशन क्रूझ म्हणतात. जहाज छोटं असतं आणि बर्फाच्या समुद्रात शिरतं. रोज माणसांना रबरी बोटीत बसवून किनाऱ्यावर नेतात, बर्फ दाखवतात, पांढरं अस्वल दिसलंच तर लांबूनच दाखवतात आणि मोजून परत आणतात. तिथला उन्हाळा म्हणजे शून्याच्या आसपास. त्यासाठी कपड्यांची मोठी यादी असते. ती यादी नीट पाळली नाही तर बोटीत बसवत नाहीत.

मारोतरावांना बर्फाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष त्या जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. म्हणजे जहाजाच्या पोटात जे इंजिन असतं ते सांभाळणाऱ्यांपैकी एक. कंपनी अधिकाऱ्यांच्या आई-वडिलांना एकदा जहाजावर आणू देते. संतोषनं दोघांची नावं दिली आणि बाकीचं काम माझ्यावर सोपवलं.

मी यादी वाचून दाखवली. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर उबदार फ्लीस, सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जाकीट जहाजावर मिळतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, चौकटीत: नो कॉटन. सुती बनियन नको, सुती मोजे नको, सुती काहीच नको.

मारोतराव चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"चाळीस वर्षं झाले कापूस पिकवून राह्यलो. हा शिकला कापसावर, जहाजावर गेला कापसावर. आन आता लिवून पाठवते, कापूस चालत नाही!"

"काका, हे संतोषनं नाही लिहिलं. कंपनीची यादी आहे."

"पाठवली कोनं?"

पाठवली संतोषनंच होती. मारोतराव उठले. "जेथी कापूस चालत नाही तेथी मी येत नाही," असं म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते ही पावती घेऊन आले.

इथे ओलीचं प्रकरण समजावून सांगायला हवं. आमच्याकडे कापूस विकायला नेला की आधी त्यात एक मशीन खुपसतात. ते ओल सांगतं. आठ टक्क्यांच्या आत असली तर पूर्ण भाव. वर गेली की कपात. बाराच्या वर गेली तर गाडी परत. दर हंगामात बाजार समितीच्या यार्डात जी भांडणं होतात त्यातली निम्मी या मशीनवरून होतात, आणि त्यातही मारोतरावांचा आवाज लांबून ओळखू येतो असं गावातले लोक सांगतात. कुणी त्यांना चोर म्हटलं तर ते एक वेळ हसतील. त्यांच्या कापसात ओल आहे असं म्हणू नये.

आणि यादीखालच्या बारीक अक्षरांत नेमकं तेच लिहिलं होतं. कापूस ओल धरून ठेवतो.

"काका, ती ओल तुमच्या कापसाची नाही हो. घामाची. माणूस चालला की घाम येतो, सुती कपडा तो पिऊन बसतो, मग थंडीत तोच ओला कपडा अंगाला चिकटतो आणि माणूस गारठतो. लोकरीचं तसं नसतं."

"मंग मी चालत नाही. बसून राह्यतो."

"श्वास घेतला तरी थोडा घाम येतोच."

"तुमाले मेल पाठवाचा नसन तं तसं सांगा. मी कलेक्टर ऑफिसात दरख्वास्त देतो."

कलेक्टर यात काय करणार होते ते मला आजही कळलेलं नाही. पण माणूस टेबलासमोरून हलत नव्हता आणि मागे चारधामवाले खोळंबले होते. मी पावतीचा फोटो काढला आणि खाली तेलुगूचा इंग्रजी अर्थ लिहिला. आमच्या प्रवाशाच्या कापसात फक्त सात टक्के ओल असल्याचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, कृपया विचार व्हावा, असा मजकूर नॉर्वेतल्या ऑफिसला पाठवून दिला. एकोणीस वर्षांत मी अनेक विचित्र मेल लिहिले आहेत. एका गिऱ्हाइकासाठी विमानात चूल पेटवायची परवानगीही मागितली होती. पण पाठवताना डोळे मिटून घेतले ते फक्त या वेळी.

दुसऱ्या दिवशी इनग्रिड नावाच्या बाईंचं उत्तर आलं. बाई फार सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या प्रवाशाच्या कापसाची ओल सात टक्के असल्याचं वाचून आनंद झाला, मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव सुती कपडे वापरता येणार नाहीत.

मारोतरावांनी ते माझ्याकडून मराठीत ऐकलं.

"म्हंजे सात मंजूर झाली."

"हो."

"तरी चालत नाही?"

"नाही."

"मंग मंजूर काऊन केली?"

मी कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात गिरजाबाई एकट्या आल्या. बेल्याहून बसनं, दुपारच्या उन्हात, हातात कापडी पिशवी. ऑफिसच्या सोफ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम म्हणाल्या, "ताई, हे कापसाचं भांडण नोहोय."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी संतोष पहिल्यांदा या बर्फातल्या जहाजावर निघाला तेव्हा मारोतरावांनी त्याच्यासाठी रजई करून घेतली होती. पहिल्या वेचणीचा कापूस बाजूला ठेवला, पिंजाऱ्याला घरी बोलावलं आणि स्वतः समोर बसून भरून घेतली. सहा किलोची. विमानाच्या वजनात बसत नाही म्हणून संतोषनं ती निघताना खाटेवरच ठेवली. वडिलांना सांगितलंही नाही. मारोतराव स्टेशनवर पोचवून घरी आले तेव्हा त्यांना खाटेवर रजई दिसली.

"तवापासून बोलनं बंद. हा फोन करते मले. हे वसरीत बसून आयकते. संतोष इचारते, बाबा कसे हाय. मी म्हनतो, बरे हाय. हे तेथूनच मान हालवते. दोन वर्षं झाले ताई."

"मग काकू, तुम्ही एकट्या जाऊन या. मी व्हीलचेअर, मदतनीस, सगळं लावून देते."

"मले एकटीले भेटाचं असतं तं कवाच गेली असती. ह्या दोघायले एका जागी उभं कराचं हाय. घरी तं हे एका दारानं आत येते आन थो दुसऱ्या दारानं बाहीर जाते. जहाजावरून जाईन कोठी?"

मला त्यांचा विचार पटला. चारी बाजूंनी बर्फाचं पाणी असलेली जागा समेटासाठी चांगलीच. एप्रिलअखेरीस नावं पक्की करायची होती. त्यानंतर कंपनी ती खोली दुसऱ्याला देणार होती आणि संतोषची पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. हाताशी तीन आठवडे होते.

मारोतरावांना समजावून काही होणार नव्हतं. ते फक्त मशीनचं ऐकतात, आणि तेही भांडून. म्हणून मी म्हटलं, मोजूनच पाहू. बाजाराबाहेर एक बर्फाचा कारखाना आहे. लग्नसराईत लाद्या देतात. मालक ओळखीचे. मी त्यांना सांगितलं की मला लाद्या ठेवायच्या खोलीत दोन माणसं अर्धा तास बसवायची आहेत.

"मॅडम, हम अंदर आदमी नहीं रखते, बरफ रखते."

"त्यांना आर्क्टिकला जायचंय."

"तो वहाँ जाने दो ना. मेरे यहाँ क्यों?"

पण शेवटी हो म्हणाले. मला वाटतं त्यांनाही बघायचं होतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला. गिरजाबाईंनी लुगड्याखाली मेरिनोचं थर्मल घातलं होतं. मेरिनो ही एक मेंढी आहे, तिची लोकर मऊ असते आणि टोचत नाही. मारोतराव सुती बनियन, सुती सदरा, सुती धोतर अशा पूर्ण तयारीत आले होते. अट अशी की आधी दोघांनी कारखान्याच्या अंगणात पाच फेऱ्या मारायच्या, म्हणजे घाम खरा येईल. मारोतरावांनी सहा मारल्या. नंतर म्हणायला जागा नको म्हणून.

मग आम्ही आत गेलो. भाताच्या तुसात रचलेल्या लाद्या, वर एक पिवळा बल्ब, मधोमध लाकडी स्टुलं. मी दाराशी शाल गुंडाळून, हातात मोबाइलचं घड्याळ. मालक बाहेरच्या काचेतून बघत होते आणि त्यांच्यामागे त्यांचे चार कामगार.

पहिली पाच मिनिटं फार सुखाची गेली. "हे तं मस्त हाय," मारोतराव म्हणाले. "येथीच बसून राहा वाटते."

नवव्या मिनिटाला त्यांनी हात काखेत घातले. बाराव्या मिनिटाला बोलणं थांबलं. गिरजाबाईंचं मात्र सुरू झालं. संतोष लहानपणी पंप उघडून बसायचा. एकदा स्पेअर पार्टसाठी आईची शिलाई मशीन खोलली. बापानं मारलं नाही, उलट शेजारी बसून कंदील धरला.

"बोलू नोको," मारोतराव म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

"काऊन? मले काई होऊन नाही राह्यलं. तुमाले होऊन राह्यलं का?"

"नाही."

"मंग आयका. पंप सुरू झाला तवा तुमी साऱ्या गावाले सांगत फिरले, पोरानं केला म्हनून. त्याले मात्र एका शब्दानं नाही सांगतलं."

सतराव्या मिनिटाला मला भीती वाटू लागली. मारोतरावांचे ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, काका, पुरे. ते ऐकेनात. मी दार उघडलं आणि मालकांना हाक मारली. तेव्हा कुठे मारोतराव उठले, बाहेर उन्हात आले, सदरा काढला आणि मग बनियनही काढलं. ते बनियन त्यांनी तीन बोटांत धरलं, यार्डातला खरेदीदार कापूस धरतो तसं, अंगठ्यानं चोळलं आणि उन्हाकडे धरून बघितलं. बराच वेळ.

"बाराच्या वर हाय," ते म्हणाले. "गाडी परत."

गिरजाबाईंनी पदराच्या टोकानं त्यांची पाठ पुसली.

लोकरीचे कपडे मंजूर झाले तरी काम संपलं नव्हतं. तिकडच्या किनाऱ्यावर बाहेरचं बी किंवा माती नेणं सक्त मना आहे. एखादं बी रुजलं तर तिथलं मोजकं गवतही जाईल, अशी भीती. प्रत्येकानं कपडे, बूट, खिसे साफ केल्याचं लिहून द्यावं लागतं. मी मारोतरावांचं आत घालायचं फ्लीसचं जाकीट टेबलावर उलटं केलं. ते तीनच दिवसांपूर्वी नवीन कोरं घेतलेलं होतं. त्यातून सरकी निघाली, तुरीचे सात दाणे, गोखरूचे काटे, एका मिरचीचं बी आणि थोडी काळी माती.

"काका, हे नवीन जाकीट आहे!"

"घालून पाह्यलं ना वावरात. फाटते का थे पाहाले नोको?"

शेजारच्या कार वॉशमधून व्हॅक्युम क्लीनर आणला आणि सगळं ओढून काढलं. बुटांच्या तळव्यातली माती मी दाढीच्या ब्रशनं काढली. मारोतराव शेजारी उभे राहून सांगत होते की ही माती वाया घालवू नका, चांगली हाय. फॉर्मवर सही करताना त्यांनी विचारलं, "तेथी खरंच काईच पिकत नाही?"

"काही नाही."

"मंग लोक करते काय?" हा प्रश्न त्यांना निघेपर्यंत छळत होता.

जुलैत दोघं गेले. नागपूरपर्यंत मी सोबत होते. बॅगा प्रत्येकी वीस किलोच्या आत. विमानतळाच्या दारातून आत शिरताना मारोतरावांनी मागे वळून मला विचारलं, "बोलला नाही तं?" एवढंच. मी म्हटलं, बोलेल. मला काही खात्री नव्हती.

पुढे पाच दिवस काही कळलं नाही. जहाजावर नेट येतं-जातं. सहाव्या दिवशी मारोतरावांचा फोटो आला. मी घाईनं उघडला. बर्फ नव्हता, अस्वल नव्हतं. गडद निळ्या कापडाची कॉलर, तिच्या आतली शिवलेली पांढरी पट्टी आणि पट्टीवर मारोतरावांचा अंगठा. पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं: शंभर टक्के कॉटन.

मागोमाग फोन.

"ताई, तुमची यादी चुकली."

"काय झालं काका? थंडी वाजली का?"

"थंडीचं सोडा. आत्ताच इंजनातून वर आलो. संतोषनं चीफ सायबाले इचारून नेलं. आपल्या मे महिन्यावानी गरमी हाय तेथी. आन सारे कापूस घालून हाय. सारे! दुसरं कापड तेथी चालतच नाही. गरम पाइप लागला तं थे वितळते आन अंगाले चिकटते. कापूस नाही चिकटत. नियम हाय, दरवाज्यावर लिवलं हाय."

नंतर मी शोधलं, तर ते खरं होतं. इंजिनरूममध्ये काम करणाऱ्यांचा अंगभर एकसंध पोशाख, ज्याला बॉयलर सूट म्हणतात, तो आगीच्या भीतीनं सुतीच वापरतात. ज्या जहाजाच्या वरच्या मजल्यावर कापूस बंद, त्याच जहाजाच्या तळाशी तो सक्तीचा.

"काका, संतोष बोलला का तुमच्याशी?"

"बोलला म्हंजे? सकाळपासून थोच बोलून राह्यला. हा पंप, थो पंप. मले तोंड उघडू नाही देऊन राह्यला." मग म्हणाले, "कंदील धरला होता म्हने मी. त्याले याद हाय."

मागून गिरजाबाईंचा आवाज आला. "ताई, अस्वल पाह्यलं मी! पांढरं फटक! सारं जहाज वरती आलं होतं पाहाले. हे दोघं खाली कॉलर पाहून राह्यले होते!"

मला रडू आलं. समोर तिरुपतीला जाणारं एक कुटुंब बसलं होतं. त्यांना वाटलं त्यांचं रिझर्वेशन गेलं. त्यांच्यातल्या आजी मलाच पाणी आणून देऊ लागल्या.

त्या संध्याकाळी मी इनग्रिडबाईंना मेल केला की आपल्या यादीत एक दुरुस्ती हवी, कापूस इंजिनरूम सोडून इतरत्र चालत नाही असं लिहावं. आमच्या प्रवाशाचा तसा आग्रह आहे. त्यांचं उत्तर नेहमीसारखंच सभ्य होतं. पाहुणे सहसा इंजिनरूममध्ये जात नाहीत, त्यामुळे यादी आहे तशीच राहील.

यादी तशीच राहिली. मी माझ्या बुकिंगच्या फॉर्ममध्ये मात्र एक रकाना वाढवला: जाण्याचं कारण. एकोणीस वर्षं मी फक्त कुठे आणि कधी एवढंच विचारत होते. बहुतेक लोक तिथे 'फिरायला' असं लिहितात. मग मी चहा मागवते आणि पुन्हा विचारते.